गाठ दाखवताना वाताच्या गोळ्याही दाखवा

सकाळी उठल्यावर तासभर बोटे आखडलेली, दोन्ही मनगटे सुजलेली, भाकरी थापताना कळा. शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत याला सरसकट ‘वात’ म्हणतात. त्यातला एक प्रकार म्हणजे आमवात, अर्थात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तिला आवर घालण्यासाठी मेथोट्रेक्झेट हे औषध जगभर प्रथम दिले जाते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. नीट घेतली तर ती सांधे वाकडे होण्यापासून वाचवते.

या औषधाचा एक दुर्मीळ धोका मात्र रुग्णांना ठाऊक नसतो. प्रतिकारशक्ती दबली की क्वचित लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, डोके वर काढतो. बहुतेक प्रौढांच्या शरीरात एपस्टाइन-बार नावाचा विषाणू निपचित पडलेला असतो. पहारा सैल झाल्यावर तो काही रुग्णांत या पेशींना बेसुमार वाढायला लावतो. गाठ मान, काख, जांघ इथे येते, क्वचित स्तनातही. स्तनाच्या एकूण कर्करोगांत लिम्फोमाचे प्रमाण 1 टक्क्याहूनही कमी आहे.

दोष सगळा गोळीचा नाही. आमवात असलेल्यांत लिम्फोमाचा धोका मुळातच सुमारे दुप्पट असतो. स्वीडनमधील 2006 च्या मोठ्या अभ्यासात, ज्यांचा आमवात वर्षानुवर्षे धगधगत राहिला त्यांनाच हा धोका सर्वाधिक असल्याचे दिसले. म्हणून घाबरून गोळी परस्पर बंद करणे हा उपाय नव्हे.

स्तनातली गाठ म्हटली की नेहमीचा कर्करोग गृहीत धरला जातो आणि स्तन काढण्याची भाषा सुरू होते. लिम्फोमात स्तन काढून फायदा होत नाही. त्यावर मुख्य उपचार औषधांचा, म्हणजे केमोथेरपीचा, गरजेनुसार किरणोपचार. शिवाय मेथोट्रेक्झेटशी जोडलेल्या काही लिम्फोमांत डॉक्टरांनी हे औषध थांबवल्यावर गाठ आपोआप विरते, अशी नोंद 1990 च्या दशकापासून आहे. सगळ्यांत असे होत नाही आणि विरलेली गाठ पुन्हा येऊ शकते, त्यामुळे तपासण्या चालू ठेवाव्या लागतात.

निदान ठरते ते बायोप्सीने, म्हणजे गाठीचा तुकडा तपासून. रुग्ण कोणत्या गोळ्या घेते हे तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांना कळले, तर ते योग्य त्या विशेष चाचण्या लावतात. अडचण अशी, की वाताची गोळी कल्याणच्या डॉक्टरांची आणि गाठ दाखवली मुरबाडला. ‘गाठीचा वाताशी काय संबंध?’ म्हणून चिठ्ठी घरीच राहते.

तेव्हा वाताची औषधे घेणाऱ्या बायकांनी महिन्यातून एकदा स्तन व काखा चाचपून पाहाव्यात. न दुखणारी, वाढत जाणारी गाठ, काही आठवडे रेंगाळणारा ताप, रात्री घाम, कारणाविना घटणारे वजन यांपैकी काहीही आढळले तर गावच्या आशाताईंना सांगावे आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठावे. जाताना गोळ्यांची पाकिटे, जुन्या चिठ्ठ्या, वैदूकडच्या पुड्यासुद्धा पिशवीत असाव्यात. कर्करोगाच्या उपचारांचा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समावेश आहे. खर्चाच्या धास्तीने गाठ लपवू नये.