ओवाळणी कोणाला, कशी आणि किती?
दिवाळीच्या भेटवस्तू निवडताना घ्यावयाची काळजी

दिवाळी तोंडावर आली की मुंबईत दादरचा रानडे रोड, पुण्यात लक्ष्मी रस्ता आणि नागपुरात सीताबर्डी येथे पाय ठेवायला जागा उरत नाही. फराळाचे सामान वेळेवर भरले जाते, कंदिलाची खरेदीही होते. मात्र घरातल्या माणसांना काय द्यायचे, हा प्रश्न शेवटच्या रविवारपर्यंत लांबणीवर पडतो. मग गर्दीत जे हाती लागेल ते घेतले जाते. पैसे खर्च होतात आणि वस्तू कपाटात पडून राहते.

मराठी घरात दिवाळीची भेट ही केवळ हौस नसते. पाडव्याला पत्नी पतीला ओवाळते, भाऊबीजेला बहीण भावाला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावयाचा दिवाळसण असतो. प्रत्येक नात्याला ठरलेला दिवस आहे, म्हणूनच भेटीतून त्या नात्याची दखल घेतली गेली की नाही, हेही पाहिले जाते. मुलीला भारी साडी आणि सुनेला साधी, असा भेद झाला तर कोणी बोलून दाखवत नाही. पण तो वर्षानुवर्षे लक्षात राहतो.

आधी माणसांची यादी

खरेदीला निघण्यापूर्वी वस्तूंची नव्हे, तर माणसांची यादी करावी. प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीची अलीकडची एखादी अडचण किंवा आवड लिहावी. आजोबांना रात्री वाचताना उजेड पुरत नाही, आईचा मिक्सर कुरकुरतो, भाचीने चित्रकलेचा वर्ग लावला आहे, अशा नोंदींतून निम्मी निवड आपोआप होते. त्यानंतर एकूण रकमेचा आकडा ठरवावा आणि समान नात्यांसाठी साधारण समान रक्कम ठेवावी. स्वयंपाकघरातील उपकरण ही घराची गरज असते. ते गृहिणीची भेट म्हणून देऊ नये. तिच्यासाठी तिच्या एकटीच्या उपयोगाचे काही असावे.

ज्येष्ठांसाठी शोभेच्या वस्तूंपेक्षा सोयीच्या वस्तू उपयोगी ठरतात. न घसरणाऱ्या चपला, न्हाणीघरात बसवायचा आधाराचा दांडा किंवा रक्तदाब मोजण्याचे यंत्र दिवाळीनंतरही वापरात राहते. रक्तदाबाचे यंत्र मनगटावर बांधण्याऐवजी दंडावर बांधण्याचे घ्यावे; त्याची मोजणी अधिक भरवशाची असते. वाचनाची आवड असल्यास दिवाळी अंकांचा संच हा अस्सल मराठी पर्याय आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. मुलांसाठी बालभारतीचे ‘किशोर’ १९७१पासून निघते.

मुलांची खेळणी घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर हे चिन्ह बंधनकारक आहे. रस्त्यावरच्या स्वस्त खेळण्यांत बटणासारख्या छोट्या बॅटऱ्या सहज निघू शकतात. त्या गिळल्यास लहान मुलांच्या जिवाला धोका असतो.

सोने आणि पैठणी

ओवाळणीत सोने घालण्याची प्रथा जुनी आहे. मुंबई-पुण्यासह देशातील ठरावीक जिल्ह्यांत जून २०२१पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३पासून दागिन्यावर सहा अक्षरे-अंकांचा ओळख क्रमांक असणेही आवश्यक आहे. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर तो क्रमांक टाकला की दागिन्याची शुद्धता पडताळता येते. बावीस कॅरेटच्या दागिन्यावर ‘९१६’ हा आकडा असतो. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना या सक्तीतून सूट आहे आणि ओवाळणीतील लहान दागिने नेमके याच वजनाचे असतात. त्यामुळे तेथे पक्के बिल अधिकच महत्त्वाचे ठरते. दागिना पुढे मोडताना घडणावळ परत मिळत नाही, हेही ध्यानात असावे.

पैठणी घेताना उलटी बाजू पाहावी. हातमागावरच्या अस्सल पैठणीच्या पदरावरील नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. यंत्रावर विणलेल्या साडीच्या उलट्या बाजूस मोकळे किंवा कापलेले धागे आढळतात. रेशमाच्या खात्रीसाठी ‘सिल्क मार्क’ आणि हातमागासाठी ‘हँडलूम मार्क’ ही चिन्हे आहेत. यंत्रमागाची साडी घेण्यात गैर काही नाही. तिला हातमागाची किंमत मोजू नये, इतकेच.

सख्खा भाऊ, चुलत भाऊ आणि आयकर

मोठी रक्कम देताना कराचा नियम माहीत असावा. पती-पत्नी, आई-वडील, मुले, सख्खी भावंडे यांसारख्या नातेवाइकांकडून मिळालेल्या भेटीवर, ती कितीही मोठी असली तरी, घेणाऱ्याला कर पडत नाही. मात्र आयकर कायद्याच्या व्याख्येत चुलत, मामे, मावस आणि आते भावंडे ‘नातेवाईक’ ठरत नाहीत. अशा व्यक्तींकडून वर्षभरात मिळालेल्या रोख भेटींची बेरीज ५० हजार रुपयांच्या वर गेली, तर ती सगळी रक्कम करपात्र होते. पाडव्याला पतीने पत्नीच्या नावे ठेव ठेवली, तर ठेवीची रक्कम करमुक्त असते, पण तिच्यावरील व्याज पतीच्याच उत्पन्नात धरले जाते.

दहा वर्षांखालील मुलीसाठी सुकन्या समृद्धी खाते हाही चांगला पर्याय आहे. वर्षाला किमान २५० रुपयांत ते चालू राहते. मात्र ते आई-वडील किंवा कायदेशीर पालक यांनीच उघडावे लागते. आजी-आजोबांनी परस्पर खाते न उघडता, मुलीच्या पालकांनी उघडलेल्या खात्यात भरण्यासाठी रक्कम द्यावी.

दिवाळसण आणि मागणी

दिवाळसणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुलीच्या आई-वडिलांनी आपखुशीने जावयाला कपडे किंवा अंगठी देणे वेगळे आणि ‘यंदा दुचाकी हवी’ असा निरोप येणे वेगळे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१चा आहे. लग्नाच्या संदर्भात लग्नानंतर केलेली मागणीही हुंड्याच्या व्याख्येत येऊ शकते आणि मागणी करणे हाच गुन्हा आहे. पहिल्या दिवाळीला कर्ज काढून मान राखला की पुढच्या सणाला अपेक्षा वाढते. म्हणून झेपेल तेवढाच खर्च करावा आणि मुलीलाही त्याची कल्पना द्यावी. जावयाने स्वतःहून ‘काही नको’ असे सांगितले, तर सासऱ्यांच्या डोक्यावरचा भार उतरतो.

बिल जपून ठेवा

मिठाई नेणार असाल, तर ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे पाहून घ्यावे. सुट्या मिठाईसमोर ही तारीख लावणे ऑक्टोबर २०२०पासून दुकानदारांवर बंधनकारक आहे. कपडे किंवा उपकरणे घेताना बदलून देण्याची मुदत आधीच विचारावी आणि बिलावर लिहून घ्यावी. केवळ रंग आवडला नाही म्हणून वस्तू बदलून देण्याचे कायदेशीर बंधन नाही. सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे किंवा बिल न देणे ही मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

भेट देताना किमतीची चिठ्ठी काढावी, पण बिल स्वतःजवळ ठेवावे. साडीचा रंग पसंत पडला नाही, तर बहिणीला संकोच न वाटता ती बदलून घेता येईल, एवढी मोकळीक भावाने तिला ओवाळणीबरोबरच द्यावी.