ठणठणीत सशाचा धोका

जून २००८च्या अखेरीस इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायर भागात अडीच लाखांवर लोकांना बजावण्यात आलं : नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. पिट्सफर्डच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब लावणारा परजीवी सापडला होता. शोध घेताना तिथल्या एका टाकीत मेलेला ससा मिळाला. त्याच्या आतड्यातला आणि आजारी माणसांच्या शौचातला परजीवी एकच निघाला, क्रिप्टोस्पोरिडियम क्युनिक्युलस. सशातला हा जीव माणसांत साथ पसरवू शकतो, हे तोवर कुणाच्या गावीही नव्हतं.

तो ससा रानातला होता. पण चीनमध्ये मांसासाठी पाळलेल्या सशांतही हाच परजीवी आढळला आहे.

ससेपालक धास्ती घेतो ती कॉक्सिडिओसिसची. पिल्लांना हगवण लागते, पोट फुगतं आणि बघता बघता पिंजरे रिकामे होतात. हा रोग आणणारे आयमेरिया मात्र माणसाच्या वाटेला जात नाहीत. उलट क्युनिक्युलस पोटात असलेला ससा बहुधा ठणठणीत असतो, चारा खातो, वजन धरतो. त्याच्यावर संशय कोण घेणार?

दुसरा पाहुणा अधिक चमत्कारिक आहे : एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली. बुरशीच्या नात्यातला हा जीव सशाच्या मूत्रपिंडात आणि मेंदूत घर करतो. काही सशांची मान वाकडी होते, बाकीचे निवांत असतात, पण लघवीतून बीजाणू सांडत राहतात. बीजाणू जेमतेम अडीच मायक्रोमीटरचा. त्याच्या आत वेटोळं करून ठेवलेली नळी असते. योग्य जागा मिळाली की ती क्षणात बाहेर फेकली जाते, पेशीत घुसते आणि बीजाणूतला सगळा ऐवज आत ओतते. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. एड्सचे किंवा अवयवरोपण झालेले रुग्ण मात्र गंभीर आजारी पडू शकतात. अशांनी पिंजरे साफ करू नयेत, हे स्पष्टच सांगायला हवं.

या बीजाणूंना साधी जंतुनाशकं पुरतात. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र चिवट. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनला तो दाद देत नाही, हातावरच्या सॅनिटायझरलाही नाही. शेडच्या दारात सॅनिटायझरची बाटली टांगून समाधान मानणाऱ्यांनी तिथे साबण आणि वाहतं पाणी ठेवावं. लेंड्या रोज काढाव्यात. पिंजऱ्याच्या जाळीवर उकळतं पाणी ओतावं आणि ती कडक उन्हात खडखडीत वाळू द्यावी.