लोकवर्गणी ते लोककल्पना : ऑनलाइन निधिसंकलनातील ‘क्राउडसोर्सिंग’

प्रस्तावना

सार्वजनिक कार्यासाठी समाजाकडून पैसा जमवणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. प्रत्येकाने केवळ एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा, ही ‘पैसा फंडा’ची कल्पना अंताजी दामोदर काळे यांनी मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. या उदाहरणातील पैसा लोकांचा होता, हे सर्वांच्या लक्षात राहते. पैसा कसा मागावा ही कल्पनाही अग्रणी नेत्याची नव्हती, हे मात्र सहसा विसरले जाते. टिळकांचे मोठेपण येथे ती सुचण्यात नसून ती ओळखण्यात आहे.

‘क्राउडसोर्सिंग’ हा शब्द जेफ हाऊ यांनी जून २००६ मध्ये ‘वायर्ड’ या अमेरिकन मासिकातील लेखाद्वारे प्रचारात आणला. जे काम पूर्वी संस्थेचे कर्मचारी करीत, ते खुले आवाहन करून अनोळखी जनसमूहाकडून करून घेणे, असा त्याचा स्थूल अर्थ होय. ‘क्राउडफंडिंग’ म्हणजे लोकवर्गणीशी त्याची गल्लत होता कामा नये. वर्गणीत समूह पैसा देतो. येथे तो कल्पना देतो. धर्मादाय संस्थांच्या ऑनलाइन निधिसंकलनात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, आणि तेथेच काही अवघड प्रश्न उभे राहतात. निधी जमवण्याची उत्तम कल्पना मागवून मिळते का? मिळाली तर ती कोणाची? आणि ती स्वीकारणाऱ्या संस्थेवर कोणती जबाबदारी येते? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे केला आहे.

मागवलेल्या कल्पना

खुल्या आवाहनाचे सर्वांत गाजलेले उदाहरण संस्थेचे नसून एका कंपनीचे आहे. पेप्सी कंपनीने २०१० मध्ये अमेरिकेतील ‘सुपर बोल’ या फुटबॉल सामन्याच्या वेळी करावयाच्या जाहिराती प्रथमच टाळल्या आणि ‘पेप्सी रिफ्रेश’ या प्रकल्पासाठी दोन कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. समाजोपयोगी कल्पना नागरिकांनी सुचवायच्या, नागरिकांनीच इंटरनेटवर मतदान करायचे आणि सर्वाधिक मते मिळवणाऱ्या कल्पनांना अनुदान द्यायचे, अशी योजना होती. कल्पनांचा पाऊस पडला. तथापि ज्याच्या ओळखीचे जाळे मोठे त्याची कल्पना पुढे, असा अनुभव येऊ लागला आणि मते जमवण्याच्या मार्गांबद्दल तक्रारी झाल्या. आपल्याकडील विद्यार्थी संसदेच्या निवडणुका पाहिलेल्या प्राध्यापकांना यात नवल वाटू नये. मत देण्यास काही लागत नाही. म्हणून मतांवरून कल्पनेचे बळ कळत नाही. एखादी कल्पना निधी मिळवून देईल की नाही, हे लोक ती स्वतः करून पाहतात की नाही यावरूनच ठरते.

न मागता आलेली कल्पना

‘आइस बकेट चॅलेंज’ हे याचे उत्तम उदाहरण होय. डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेणे हा खेळ २०१४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत आधीच सुरू होता आणि त्यातून वेगवेगळ्या कार्यांसाठी देणग्या दिल्या जात होत्या. जुलैमध्ये एका गोल्फपटूने आपल्या आप्ताच्या आजारामुळे त्याची सांगड एएलएस या रोगाशी घातली. या रोगात स्नायूंच्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या चेतापेशी क्षीण होत जातात आणि बुद्धी बहुधा शाबूत असताना शरीर निकामी होते. न्यूयॉर्क राज्यातील पॅट क्विन आणि बोस्टनमधील माजी बेसबॉलपटू पीट फ्रेट्स या दोन रुग्णांनी तो आपल्या परिचितांमध्ये पसरवला आणि तेथून त्याचा वणवा झाला. अमेरिकेतील एएलएस असोसिएशन या संस्थेने ही मोहीम आखलेली नव्हती.

या कल्पनेचे यश तिच्या रचनेत शोधावे लागते. आव्हान मिळाल्यापासून चोवीस तासांत बादली ओतून घ्यायची किंवा देणगी द्यायची, त्याची चित्रफीत प्रसिद्ध करायची आणि आणखी तिघांची नावे घ्यायची, असे तिचे नियम. बहुतेकांनी दोन्ही गोष्टी केल्या. एकाचे तीन, तिघांचे नऊ असा गुणाकार नियमातच होता. मुदत असल्याने टाळाटाळीला जागा नव्हती. नाव चारचौघांत घेतले गेल्याने नकार देणे अवघड होते. आपल्याकडे जेवणाच्या पंगतीत आग्रह होतो तेव्हा नाही म्हणणे जसे जड जाते, तसाच हा प्रकार. शिवाय करणाऱ्याला मिरवण्याची संधी मिळत होती आणि पाहणाऱ्याला हसण्याची. कोणत्याही संस्थेच्या जनसंपर्क समितीपुढे गंभीर रोगासाठी असा थट्टेचा प्रस्ताव आला असता, तर तो बहुधा इतिवृत्तातही नोंदला गेला नसता.

परिणाम मात्र थट्टेचा नव्हता. २९ जुलै ते २९ ऑगस्ट २०१४ या एका महिन्यात एएलएस असोसिएशनकडे दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. आदल्या वर्षी त्याच काळातील आकडा सुमारे २८ लाख डॉलर होता. एकूण जमा सुमारे ११.५ कोटी डॉलरपर्यंत गेली. फेसबुकने दिलेल्या माहितीनुसार या विषयावरील १ कोटी ७० लाखांहून अधिक चित्रफिती तेथे प्रसिद्ध झाल्या.

समूहाने दिलेल्या कल्पनेचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, ती समूहच बदलतो. जेथे हंडाभर पाण्यासाठी रांग लागते, त्या देशात बादली ओतण्याचा खेळ रुचणे कठीण होते. हैदराबाद येथील पत्रकार मंजूलता कलानिधी यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये ‘राइस बकेट चॅलेंज’ सुरू केले. बादलीभर तांदूळ एखाद्या गरजू व्यक्तीला द्यायचा, त्याचे छायाचित्र प्रसिद्ध करायचे आणि इतरांना तसे करण्यास सांगायचे. आव्हानाचा सांगाडा तोच राहिला, पण पाण्याच्या जागी धान्य आले आणि दूरच्या संशोधन संस्थेच्या जागी शेजारचा माणूस आला. पैशाचा व्यवहारच उरला नाही, म्हणून पावतीचाही प्रश्न उरला नाही. संस्थेने आखलेल्या मोहिमेत इतका मूलगामी बदल करण्यास परवानगी मिळवण्यातच महिना गेला असता. अर्थात घेणाऱ्याचेही छायाचित्र प्रसिद्ध व्हावे का, हा प्रश्न येथे नव्याने उभा राहतो आणि तो किरकोळ नाही. बादली ओतून घेणारा स्वतःचेच हसे करून घेत होता. येथे मात्र चौकटीत दुसऱ्याचे दारिद्र्य येते.

स्वीकारणाऱ्या संस्थेची कसोटी

कल्पना समूहाची असली तरी पैसा कोठे पाठवावा हे सांगण्याचे काम संस्थेचेच असते. मार्च २०१४ मध्ये ब्रिटनमधील स्त्रियांनी प्रसाधनाविना काढलेली आपली छायाचित्रे प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली आणि हळूहळू त्याचा संबंध कर्करोगाविषयीच्या जागृतीशी जोडला गेला. कॅन्सर रिसर्च यूके या संस्थेने हे सुरू केले नव्हते. पण तिने लाट ओळखली आणि मोबाइल संदेशाने देणगी देण्यासाठीचा ‘बीट’ हा शब्द व क्रमांक तत्परतेने जाहीर केला. सहा दिवसांत ८० लाख पौंड जमले. येथे सर्जनशीलता लोकांची आणि तत्परता संस्थेची, अशी विभागणी दिसते.

याच मोहिमेतील एक घोटाळा बोधप्रद आहे. काही दात्यांनी ‘बीट’ऐवजी ‘डोनेट’ हा शब्द पाठवला. त्या क्रमांकावर तो युनिसेफच्या नावे असल्याने हजारो पौंड तिकडे वळले आणि ते मूळ हेतूकडे पोहोचवण्यासाठी दोन्ही संस्थांना एकत्र बसावे लागले. काहींच्या मोबाइलने शब्द आपोआप बदलून ‘बेअर’ केला, आणि त्यांना ध्रुवीय अस्वल दत्तक घेण्याविषयीचा संदेश आला! हसू येण्याजोगा प्रसंग असला, तरी ऑनलाइन निधिसंकलनात एका अक्षराला किती किंमत असते हे त्यावरून ध्यानी येते.

मालकीचा प्रश्न याहून नाजूक आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये एएलएस असोसिएशनने ‘आइस बकेट चॅलेंज’ हे नाव आपल्या बोधचिन्हाप्रमाणे नोंदवून घेण्यासाठी अर्ज केला. नावाचा गैरवापर होऊ नये हा हेतू असल्याचे सांगण्यात आले. तथापि जे लोकांनी निर्माण केले आणि अन्य कार्यांसाठीही वापरले, त्यावर एका संस्थेने हक्क सांगावा याबद्दल नापसंती व्यक्त झाली आणि काही दिवसांतच अर्ज मागे घेण्यात आला. संस्थेचा हेतू शुद्ध मानला तरी तिची गल्लत स्पष्ट आहे. तिच्या हाती सोपवला गेला होता तो निधी, कल्पना नव्हे.

निधीचा हिशेब मात्र तिने पुष्कळ अंशी चोख दिला, हेही नमूद केले पाहिजे. सुमारे ७ कोटी ७० लाख डॉलर संशोधनाकडे वळवल्याचे तिने जाहीर केले. या मोहिमेतून काही साहाय्य मिळालेल्या ‘प्रोजेक्ट माइन’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून २०१६ मध्ये ‘एनईके१’ या जनुकाचा रोगाशी असलेला संबंध पुढे आला. ज्या औषधाच्या विकासासाठी २२ लाख डॉलर दिले गेले, त्या रेलिव्रिओला सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढील मोठ्या चाचणीत ते परिणामकारक ठरले नाही आणि २०२४ मध्ये उत्पादक कंपनीने ते बाजारातून मागे घेतले. फ्रेट्स २०१९ मध्ये आणि क्विन २०२० मध्ये निवर्तले होते. एका उन्हाळ्याच्या उत्साहाला संशोधनाची दशके पेलायची असतात, ही या क्षेत्रातील मूळ विसंगती होय. २०१५ मध्ये संस्थेने तेच आव्हान पुन्हा केले, परंतु पहिल्या वर्षाच्या जवळपासही रक्कम गेली नाही. विनोद दुसऱ्यांदा सांगितला की त्याचे काय होते, हे वर्गात शिकवणाऱ्यांना सांगणे नको.

याउलट ‘मोव्हेंबर’ टिकले. २००३ मध्ये मेलबर्नमधील मित्रांच्या गप्पांतून मिशा वाढवण्याची टूम निघाली आणि तीस जण त्यात सामील झाले. पुढील वर्षी तिला पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी निधी जमवण्याची जोड मिळाली. येथे कल्पना सुचलेल्यांनीच संस्था उभारली, आणि महिनाभर चेहऱ्यावर वागवावी लागणारी मिशी दरवर्षी नव्याने संभाषण घडवते.

महाविद्यालयीन संदर्भ

राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी पूरग्रस्तांसाठी फेरी काढणे आपल्याकडे परिचित आहे. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात अनेक ठिकाणी तसे घडले. आता अशा फेरीची जागा चित्रफीत आणि क्यूआर कोड घेत आहेत. कल्पनांसाठी विद्यार्थ्यांइतका उत्साही समूह दुसरा मिळणार नाही. अडचण वेगळीच आहे. लोकप्रिय झालेल्या चित्रफितीखाली बहुधा एखाद्या विद्यार्थ्याचा वैयक्तिक क्रमांक असतो. नोंदणीकृत न्यास नसलेल्या व्यक्तींनी वा गटांनी धर्मादाय हेतूसाठी पैसे गोळा करण्याबाबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात कलम ४१-क आहे. गणेशोत्सव मंडळे वर्गणीपूर्वी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात, ते याच तरतुदीमुळे. हेतू निर्मळ असला तरी वैयक्तिक खात्यात जमलेल्या रकमेचा हिशेब त्या विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतो. म्हणून कल्पना विद्यार्थ्यांची असावी, मात्र खाते, पावती आणि लेखापरीक्षण नोंदणीकृत संस्थेचे असावे, आणि ते चित्रफीत प्रसिद्ध होण्यापूर्वी ठरलेले असावे.

यातील आणखी एक बारकावा विशेषतः मराठी घरांशी निगडित आहे, कारण येथील विद्यार्थ्याची चित्रफीत परदेशातील नातलग सर्वप्रथम पाहतात. न्यू जर्सीतील मावशीने अजून भारतीय नागरिकत्व सोडले नसेल, तर तिने आपल्या बचतीतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पाठवलेली देणगी विदेशी अंशदान मानली जात नाही. मात्र तिने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर तीच रक्कम विदेशी अंशदान ठरते आणि संबंधित कायद्याखाली नोंदणी वा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती स्वीकारता येत नाही. त्यामुळे क्यूआर कोडशेजारी कोणाची देणगी घेता येईल, याची एक स्पष्ट ओळ आधीच छापलेली असली पाहिजे.