शहरात सापडलेला बेवारशी कोंबडा : सुटका आणि घ्यावयाची दक्षता

शहरात मंडईच्या मागे किंवा रस्त्याच्या कडेला एखादा कोंबडा निराधार फिरताना आढळतो. अंडी देणाऱ्या जातींची नर पिल्ले उबवणी केंद्रांस निरुपयोगी असल्याने ती पुष्कळदा रंगवून फेरीवाल्यांकडून स्वस्तात विकली जातात. मुलांच्या हौसेखातर घेतलेले पिल्लू तीन-चार महिन्यांत आरवू लागते, शेजारी तक्रार करतात आणि मग ते कोठेतरी सोडून दिले जाते. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अपराध आहे.

असा कोंबडा शहरातील नातलग गावी धाडतात, किंवा बाजारास गेलेला शेतकरी दयेने घरी आणतो. हे कार्य स्तुत्य होय. परंतु तो त्याच सायंकाळी आपल्या कोंबड्यांबरोबर डालला, तर एक जीव वाचविताना सारे खुराडे रिकामे होण्याचा संभव असतो.

पकडणे व नेणे

प्रथम आसपास चौकशी करावी. कोंबडा कोणाचा पाळलेला असू शकेल. भर दिवसा पाठलाग करू नये. अंधारात कोंबड्यास नीट दिसत नाही, म्हणून तिन्हीसांजेस तो बसल्यावर अंगावर कापड टाकून दोन्ही पंखांसह अलगद धरावा. पाय बांधून उलटा लोंबकळत कधीही नेऊ नये. त्यामुळे श्वासास अडथळा होतो. हवा खेळेल अशा टोपलीत ठेवून वर कापड झाकावे.

आसपास अनेक पक्षी मेलेले आढळल्यास मात्र कशासही हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्ल्यूची साथ आली, तेव्हा कोंबड्या फार मोठ्या प्रमाणावर नष्ट कराव्या लागल्या, हे विसरू नये.

वेगळे ठेवणे

आणलेला कोंबडा निदान तीन आठवडे, शक्य तर महिनाभर, खुराड्यापासून दूर ठेवावा. मानमोडी अर्थात राणीखेत रोगाचे विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन दिवसांपासून दोन आठवडेपर्यंत अवधी जातो. म्हणून आज निरोगी दिसणारा पक्षी निर्धोक असतोच असे नाही.

या काळात पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. पाण्याचे व दाण्याचे भांडे स्वतंत्र असावे.
२. आधी घरच्या कोंबड्यांचे काम उरकावे, नंतर नव्या कोंबड्याकडे जावे. त्यानंतर हात साबणाने व पादत्राणे पाण्याने स्वच्छ धुवावीत.
३. उपाशी पक्ष्यास प्रथम पाणी, नंतर थोडा थोडा ज्वारी-बाजरीचा भरडा द्यावा. खारट व तळलेले पदार्थ देऊ नयेत.
४. पंखांखाली उवा व गोचीड पाहावेत. लोळण्यास कोरडी माती व राख ठेवावी.
५. सुस्ती, श्वासाची घरघर, हिरवट हगवण, मान वाकडी होणे वा पाय लुळे पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास पशुवैद्यकास दाखवावे. मानमोडीवर औषध नाही. लस हाच उपाय होय.

कळपात मिसळणे

मुदत संपल्यावर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लस टोचून घ्यावी. नंतर काही दिवस जाळीच्या आडून कोंबड्यांना एकमेकांची ओळख होऊ द्यावी. आठ ते दहा कोंबड्यांस एक नर पुरेसा असतो. घरी आधीच कोंबडा असेल तर दोघांत झुंज लागेल. अशा वेळी नवा कोंबडा स्वतंत्र ठेवावा किंवा नर नसलेल्या घरी द्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी, बाहेरून पक्षी आलेल्या घरास भेट देऊन तो वेगळा ठेवला आहे की नाही, हे पाहावे. गावातील पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लस व आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस मिळेल, अशी व्यवस्था करावी. मानमोडी एका अंगणात शिरली, की शेजारची अंगणेही सुटत नाहीत. म्हणून ही दक्षता एका घराची नसून साऱ्या गावाची आहे.