फोटो ‘सुधारला’ म्हणजे नक्की काय केलं? लेयर, टोनिंग आणि फ्रेमचं गणित

मोबाइलवर फोटो काढला, ॲपमध्ये उघडला, ‘सेपिया’ फिल्टर लावला, कडेने नक्षीदार फ्रेम टाकली आणि फॅमिली ग्रुपवर पाठवून दिला. अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्या अर्ध्या मिनिटात फोटोच्या आत काय काय घडलं, याचा कधी विचार केलाय?

मला तो करावाच लागतो. पीएचडीच्या कामात मी सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे फोटो काढते. ते फोटो भिंतीवर लावण्यासाठी नसतात, तोच माझा डेटा असतो. लॅबमध्ये नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, “ताई, थोडा ब्राइटनेस वाढवला तर चालतं ना?” याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते द्यायचं तर आधी ही तिन्ही साधनं, म्हणजे लेयर, टोनिंग आणि फ्रेम, आतून कशी चालतात हे समजून घ्यावं लागतं. चला, तेच करू.

आधी आकडे

डिजिटल फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, तीन आकडे असतात: लाल, हिरवा, निळा. साध्या ८ बिट फोटोत प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान. ० म्हणजे तो रंग अजिबात नाही, २५५ म्हणजे पूर्ण. तिन्ही ० असले की काळा, तिन्ही २५५ असले की पांढरा, तिन्ही सारखे असले की राखाडी. अशा जोड्या होतात १ कोटी ६७ लाखांहून जास्त.

म्हणजे फोटोवर तुम्ही जे काही करता, ते शेवटी आकड्यांवर केलेलं गणित असतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

लेयर: काचांची चळत

लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचा समजा. सगळ्यात खाली मूळ फोटो, वरच्या काचेवर रंग, त्याच्यावरच्या काचेवर अक्षरं. वरून बघणाऱ्याला एकच चित्र दिसतं.

कल्पना तशी जुनी आहे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या राजा रविवर्मांच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं आपल्याकडे घरोघरी होती. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असायचा, आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवत चित्र पूर्ण व्हायचं. संगणकावर हेच काम गणिताने होतं. त्या गणिताची नीट मांडणी थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ च्या शोधनिबंधात केली, आणि फोटोशॉपमध्ये लेयर आले ते १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत.

गणित असं. खालच्या पिक्सेलचा आकडा १००, वरच्याचा २२० आणि वरच्या लेयरची ऑपॅसिटी ३० टक्के. मग २२० चे ३० टक्के म्हणजे ६६, आणि १०० चे उरलेले ७० टक्के म्हणजे ७०. बेरीज १३६. झालं! तुम्हाला पडद्यावर १३६ दिसतो.

‘ब्लेंडिंग मोड’ म्हणजे हेच सूत्र बदलणं. ‘मल्टिप्लाय’मध्ये दोन आकड्यांचा गुणाकार करून २५५ ने भागतात. २०० आणि १०० घेतले तर येतात ७८. उत्तर कधीच दोन्हींपैकी लहान आकड्याच्या वर जात नाही, म्हणून मल्टिप्लायने चित्र गडद होतं. एका काचेतून आलेला प्रकाश दुसऱ्या रंगीत काचेतून जावा, तसं. ‘स्क्रीन’ नेमकं उलटं. तेच २०० आणि १०० तिथे २२२ होतात. दोन प्रोजेक्टर एकाच पडद्यावर मारल्यासारखं.

लेयरचा खरा फायदा मात्र वेगळाच आहे. खालचा मूळ फोटो जसाच्या तसा राहतो. वरचा लेयर बंद केला की मूळ परत समोर. काय बदल केला, किती केला, हे उघड दिसतं. सगळे लेयर एकत्र करून जेपीईजी म्हणून सेव्ह केलं की हा माग पुसला जातो, आणि वर जेपीईजी फाइल लहान करण्यासाठी बारीकसारीक तपशीलही टाकून देतं.

टोनिंग: तपकिरी रंगाची किंमत

जुने फोटो तपकिरी दिसतात ते सगळे काही वयामुळे नाही. कृष्णधवल फोटोतली काळी छटा धातुरूप चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची असते. सेपिया टोनिंगमध्ये रसायनं वापरून त्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड करतात. ते तपकिरी दिसतं, आणि हवेतल्या प्रदूषकांना चांदीपेक्षा चांगलं तोंड देतं. म्हणजे टोनिंगमुळे फोटो टिकायचा. हौस होतीच, पण रसायनशास्त्रातलं कारणही होतं.

डिजिटल सेपियात टिकण्याचा काही संबंध उरला नाही, फक्त रूप उरलं. त्याचं एक प्रचलित सूत्र आहे. नवा लाल आकडा काढायचा तर जुन्या लालला ०.३९३, हिरव्याला ०.७६९ आणि निळ्याला ०.१८९ ने गुणून बेरीज करायची. हिरवा आणि निळा काढायला असेच वेगळे गुणक.

आता जरा बेरीज करून बघा. लालचे तिन्ही गुणक मिळून १.३५१ होतात, एकापेक्षा जास्त! हिरव्याचे १.२०३ आणि निळ्याचे ०.९३७. राखाडी २०० चा पिक्सेल घेतला तर लाल यायला हवा २७०. पण मर्यादा २५५ ची, म्हणून तो २५५ वर कापला जातो. राखाडी १८९ च्या पुढच्या सगळ्या पिक्सेलचा लाल आकडा २५५ च. २१२ पासून पुढे हिरवाही २५५ वर अडकतो. तिथून वर फरक सांगायला फक्त निळा आकडा उरतो. पांढऱ्या साडीवरची फिकट नक्षी, ढगातल्या हलक्या छटा सेपियात पुसट होतात, त्या यामुळे. नुसता रंग चढवला असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात माहिती कमी झालेली असते.

एक मुखपृष्ठ

‘रंगच तर बदलला, त्यात काय एवढं?’ असं कुणी म्हटलं की मी १९९४ चं उदाहरण देते. ओ. जे. सिम्पसन या गाजलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. पोलिसांनी काढलेला त्याचा एकच फोटो २७ जूनच्या अंकांसाठी ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर घेतला. न्यूजवीकने जवळपास आहे तसा छापला. टाइमने तो गडद केला, कडा काळवंडल्या. स्टॉलवर दोन्ही अंक शेजारी शेजारी लागले आणि फरक सगळ्यांना दिसला. खटला उभा राहायच्या आधीच एका काळ्या माणसाला अधिक काळा आणि अधिक भीतीदायक करून दाखवलं, अशी जोरदार टीका झाली, आणि टाइमच्या संपादकांना पुढच्या अंकात खुलासा करावा लागला.

यात चेहरा बदलला नव्हता. नाक, डोळे, दाढी सगळं जागच्या जागी. फक्त टोनिंग! पण बघणाऱ्याच्या मनातला निकाल बदलायला तेवढं पुरतं.

फ्रेम: पिक्सेल तेच, डोळा वेगळा

फ्रेम मूळ फोटोच्या आकड्यांना हात लावत नाही. तरीही ती निरुपद्रवी नाही. घरी करून बघा: १२८ आकड्याचे दोन राखाडी चौकोन काढा, एकाला जाड पांढरी फ्रेम द्या, दुसऱ्याला काळी. पांढऱ्या फ्रेममधला चौकोन जास्त गडद वाटेल, काळ्या फ्रेममधला उजळ. आकडा दोन्हीकडे १२८ च. आपला डोळा उजेडाचा आकडा मोजत नाही, शेजाऱ्याशी तुलना करतो.

फ्रान्समध्ये गोब्लँच्या विणकाम कारखान्यात रंगविभाग सांभाळणाऱ्या मिशेल शेवरूल या रसायनशास्त्रज्ञापुढे हाच गोंधळ आला होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार. रंगात खोट सापडली नाही. शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. यावरचा त्याचा ग्रंथ १८३९ चा आहे.

व्यवहारात याचा अर्थ सोपा: ब्राइटनेस ठरवायचा तो फ्रेम लावल्यावर. आणि चेहरा आधीच गडद असेल तर भोवती पांढरीशुभ्र फ्रेम नको.

आता संशोधनाकडे

माझ्या सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा कृष्णधवल आहे. पेशीचं केंद्रक एका चमकणाऱ्या रंगद्रव्याने रंगवायचं, एखादं प्रथिन दुसऱ्याने, आणि प्रत्येकाचा वेगळा फोटो घ्यायचा. नंतर संगणकावर एका लेयरला निळा रंग, एकाला हिरवा, एकाला लाल. म्हणजे तुम्ही पाठ्यपुस्तकात बघता त्या रंगीबेरंगी पेशी लेयर आणि टोनिंगमधूनच तयार होतात.

यात फसवणूक नाही, जोपर्यंत कुठला रंग कशासाठी ते सांगितलंय. जेम्स वेब दुर्बिणीचे जुलै २०२२ पासून आलेले फोटो अवरक्त प्रकाशातले आहेत, तो डोळ्यांना दिसतच नाही. लांब तरंगलांबीला लाल, आखूडला निळा असा क्रम लावून ते रंगवलेत. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या रेडिओ प्रतिमांमधले रंगही असेच, तीव्रता दाखवण्यासाठी दिलेले.

मग घोळ कुठे होतो? समजा दोन प्रथिनं पेशीत एकाच जागी आहेत का, हा प्रश्न आहे. एक लाल, एक हिरवं. जिथे दोन्ही, तिथे पिवळा दिसणार. एखाद्या जागी हिरवा १८० आहे आणि लाल फक्त २०, तोही पार्श्वभूमीचा गोंगाट. दिसतं हिरवं. आता फक्त लाल लेयरचा ब्राइटनेस आठपट केला की लाल होतो १६०. १६० आणि १८० मिळून पिवळा! एका स्लायडरने दोन प्रथिनांची ‘भेट’ घडवून आणली. त्या निष्कर्षावर कुणी पुढचा प्रयोग उभारतं, त्यावर औषधाचं संशोधन सुरू होतं, वर्षं आणि पैसा जातो.

हे काल्पनिक भय नाही. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ४० नियतकालिकांमधले २०,६२१ शोधनिबंध तपासले. ३.८ टक्के निबंधांमध्ये आक्षेपार्ह प्रतिमा सापडल्या: तोच फोटो दोन ठिकाणी वापरलेला, फिरवलेला, काही भाग कापून चिकटवलेला. त्यातल्या निम्म्या तरी मुद्दाम केल्यासारख्या दिसत होत्या. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ तर २००२ पासूनच स्वीकारलेल्या निबंधातल्या प्रतिमा छापण्याआधी तपासतं.

मग चालतं काय?

नियम असा पाठ करा: जे करायचं ते पूर्ण फोटोवर सारखं करा. एकच भाग उजळायचा, झाकायचा, हलवायचा किंवा नवीन आणायचा नाही. तुलना असेल तर दोन्ही फोटोंना एकच सेटिंग. औषध दिलेल्या पेशी उजळल्या तर न दिलेल्याही तितक्याच उजळायच्या. कर्व्ह किंवा गॅमा बदलला तर तसं लिहायचं, कारण त्याने सगळ्या छटा सारख्या प्रमाणात बदलत नाहीत. लेयर एकत्र दाखवले तर प्रत्येक चॅनल सुटाही दाखवायचा. मोजमाप नेहमी मूळ फाइलवर. आणि लाल-हिरव्याऐवजी मॅजेंटा-हिरवा वापरायचा. रंगांधळेपणा असलेल्यांनाही ते वाचता येतं.

हे नियम घरच्या फोटोंना लावायचे का? सगळे नाही. लग्नाच्या अल्बममध्ये फुलांची फ्रेम, वाढदिवसाच्या फोटोला सोनेरी टोन, खुशाल करा. पण एक जागा अशी आहे जिथे मी संशोधनाचाच नियम लावेन: पणजोबांचा घरातला एकुलता एक फोटो. बुरशीने अर्धा गाल खाल्लाय. ॲप एका टॅपमध्ये तो गाल भरून देतं, पण तो गाल पणजोबांचा नसतो. इतर हजारो चेहरे बघून बसवलेला एक अंदाज असतो. पुढच्या पिढीला तोच खरा वाटणार, कारण तुलना करायला दुसरं काही नसेल.

म्हणून तिथे इतकं करा. फोटो आधी आहे तसा स्कॅन करा, जमल्यास १६ बिट टिफमध्ये. तिथे प्रत्येक रंगाला २५६ ऐवजी ६५,५३६ पायऱ्या मिळतात, त्यामुळे पुढे उजळवताना छटा तुटत नाहीत. दुरुस्ती वेगळ्या लेयरवर करा. गिम्पसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. लेयरसकट फाइल ठेवा, भिंतीसाठी वेगळी प्रत काढा. आणि स्कॅनच्या फोल्डरमध्ये दोन ओळींची नोंद टाका: कधी स्कॅन केला, डावा गाल आणि फेट्याची कड आपण भरली आहे. नातवंडांना खरे पणजोबा बघायचे असतील तर वरचा लेयर बंद केला की झालं.