शिकवणीचे तास आणि कोरा कागद

अमरावती–यवतमाळ मार्गावरील नेर परसोपंत हे कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या व्यवहारावर चालणारे तालुक्याचे गाव. अशा गावांतील पेढ्यांवर एके काळी मुलाला गादीवर बसवण्यापूर्वी पाढे तोंडपाठ करून घेतले जात. आणि ते केवळ बे एके बे नव्हेत, तर पावकी, निमकी, दिडकी आणि औटकीसुद्धा. सव्वासात क्विंटल कापूस, भाव क्विंटलला ७,२०० रुपये, एवढे म्हटल्याबरोबर ५२,२०० हा आकडा ज्याच्या ओठांवर येई तो व्यवहाराला तयार झाला असे मानीत.

त्याच घराण्यांतील काही नातवंडे आज पुण्या-मुंबईच्या आंतरराष्ट्रीय शाळांत, वसतिगृहात राहून शिकतात. शाळेचे शुल्क लाखांच्या घरात असते, आणि त्यावर गणिताची खासगी शिकवणी निराळी. शिक्षक पडद्यावर दिसतात, डिजिटल लेखणीने उदाहरणे सोडवून दाखवतात, आणि महिन्याच्या शेवटी तासांचा हिशेब व्हॉट्सॲपवर येतो. कापूस घेताना मूठभर सरकी-रुई हातात चुरगळून ओलावा आणि धागा तपासणारा व्यापारी हा हिशेब मात्र न तपासता चुकता करतो. कारण उघड आहे. मुलाची वही त्याला वाचता येत नाही.

ती वही वाचता आली नाही तरी अभ्यासक्रमाची रचना समजून घेणे अवघड नाही. नववी-दहावीला या शाळांत बहुधा केंब्रिजचा आयजीसीएसई हा अभ्यासक्रम असतो. तो १९८८ पासून चालू आहे. त्याच्या गणितात ‘कोअर’ आणि ‘एक्स्टेंडेड’ असे दोन स्तर आहेत. कोअर स्तरावर मुलाने सर्व उत्तरे अचूक लिहिली तरी त्याला ‘सी’च्या वरची श्रेणी मिळू शकत नाही. पुष्कळ पालकांना हे निकालाच्या दिवशी समजते. म्हणून शिकवणी ठरवण्याच्या आधी मूल कोणत्या स्तराला बसले आहे, हे शाळेला विचारावे.

या अभ्यासक्रमात २०२५ च्या परीक्षांपासून एक बदल झाला आहे, आणि जुन्या पिढीला तो सुखावेल. दोन्ही स्तरांवर आता एक संपूर्ण प्रश्नपत्रिका कॅल्क्युलेटरविना सोडवावी लागते. पावणेतीनला एक पूर्णांक तीन अष्टमांशाने भागा, असा प्रश्न तेथे शोभून दिसेल. पावकी-निमकीवर वाढलेल्या आजोबांना त्याचे उत्तर, म्हणजे दोन, क्षणात दिसते. कॅल्क्युलेटरवर वाढलेला नातू अडखळतो. अपूर्णांक आणि व्याज यांच्या उदाहरणांना या भूमीत मोठी परंपरा आहे. नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त या दोन्हींचा विस्ताराने विचार केला आहे. तासाला पैसे मोजून जे शिकवले जाते, त्याचा काही भाग सुट्टीत घरी, दुकानाच्या गल्ल्यापाशी विनामूल्य शिकवता येण्याजोगा आहे.

अकरावी-बारावीचा आयबी डिप्लोमा मात्र निराळ्या घडणीचा. १९६८ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झालेल्या संस्थेचा हा अभ्यासक्रम. त्यात २०१९ पासून गणिताचे दोन प्रकार शिकवले जातात. पहिल्यात विश्लेषण, बीजगणित आणि कलनशास्त्र यांवर भर असतो, आणि त्याची एक प्रश्नपत्रिका कॅल्क्युलेटरविना असते. दुसऱ्यात संख्याशास्त्र आणि व्यवहारातील उपयोग प्रधान असतात, आणि आलेख काढणारा कॅल्क्युलेटर सर्वत्र चालतो. कर्जाचा हप्ता कसा बसतो, त्यात मुद्दल किती आणि व्याज किती, हेही या दुसऱ्या प्रकारात शिकवतात. पेढी सांभाळणार असलेल्या मुलाला तो कमी प्रतीचा मुळीच नाही. परंतु अभियांत्रिकी किंवा अर्थशास्त्रासाठी परदेशातील अनेक विद्यापीठे पहिला प्रकार, तोही उच्च स्तरावर, मागतात. सोपा म्हणून निवडलेला प्रकार दोन वर्षांनी दार बंद करतो, आणि ते दार कोणत्याही शिकवणीने उघडत नाही. हा निर्णय दहावीनंतरच्या काही आठवड्यांत होतो. त्या वेळी वडील हंगामाच्या खरेदीत गुंतलेले नसतात, एवढे तरी सुदैव.

आता तासांचा हिशेब. आयबीने प्रमाण स्तरासाठी दोन वर्षांत १५० तास आणि उच्च स्तरासाठी २४० तास अध्यापन ठरवले आहे. समजा, शिकवणी आठवड्याला ३ तास आणि वर्षाला ४० आठवडे चालली. दोन वर्षांचे तासही २४० होतात. म्हणजे शाळा उच्च स्तराच्या मुलाला जेवढे शिकवते, नेमके तेवढेच दुसऱ्यांदा विकत घेतले जाते. प्रमाण स्तराच्या मुलासाठी तर दीडपटीहून अधिक. तासाला १,२०० रुपये धरले तर ही रक्कम २,८८,००० होते. रक्कम मोठी आहेच, पण खरी उणीव दुसरीकडे पडते. शाळा, शिकवणी, झोप आणि जेवण यांतून मुलाला एकट्याने गणिताशी झटण्यासाठी वेळ उरत नाही, आणि परीक्षेच्या दालनात तर तो एकटाच असतो. समोर कोणी सोडवून दाखवीत असले की सारे समजल्यासारखे वाटते. व्याजाचे गणित ऐकून समजणारे पुष्कळ असतात, मांडणारे थोडे.

यापेक्षाही गंभीर गोष्ट स्वतंत्र शोधनिबंधाची आहे. आयबीच्या गणितात २० टक्के गुण विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या विषयावरील १२ ते २० पानांच्या लेखनाला असतात. नेरच्या मुलासाठी विषय उंबरठ्यावरच आहेत: बाजार समितीतील कापसाचे हंगामभराचे भाव, किंवा दुकानातील दिवाळीपूर्वीच्या विक्रीचा आलेख. पण शिकवणीच्या बाजारात हे लेखन ‘पाहून देण्या’चीही भाषा ऐकू येते. पाहून देणे आणि लिहून देणे यांतील रेषा पुसली गेली आणि ती मंडळाच्या ध्यानात आली, तर त्या विषयाची श्रेणीच दिली जात नाही, आणि तिच्यावाचून डिप्लोमाही मिळत नाही. उसन्या सहीचा धनादेश जसा वटत नाही, तसेच हे. कोणी असे सुचवल्यास त्या शिक्षकाला त्याच दिवशी नमस्कार करावा.

कायद्याचे संरक्षण येथे तोकडे आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मध्येच वर्ग सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करावे, असे त्यात आहे. मात्र पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गांपुरतीच ती आहेत. एकट्या शिक्षकाची शिकवणी त्यांच्या कक्षेबाहेर राहते. तेव्हा वर्षभराचे पैसे आगाऊ देऊ नयेत, महिन्याचे द्यावेत. चुकलेल्या तासाचे काय, हे आधी लिहून घ्यावे. आणि पावती मागावी. आडत्याशी जे करतो तेच येथे करण्यात संकोच कसला?

चांगले शिक्षक आहेत, आणि त्यांचा मोबदला त्यांना मिळायलाच हवा. ते ओळखण्याची खूण अशी की ते पहिल्या तासाला शिकवत नाहीत. मुलाला सोडवायला लावून गप्प बसतात आणि तो कोठे थांबतो ते टिपून ठेवतात. काही महिन्यांनी तेच स्वतः तास कमी करण्याविषयी बोलतात.

वडिलांना मात्र वही वाचता येण्याची गरज नाही. दिवाळीला मुलगा घरी आला की मागील वर्षाच्या प्रश्नपत्रिकेतील तीन उदाहरणे, एक कोरा कागद आणि पाऊण तास त्याला द्यावा. फोन गल्ल्यात ठेवावा. नंतर त्याने प्रत्येक पायरी आजोबांना मराठीत सांगावी. आजोबांना कलनशास्त्र येत नसेल, पण समोरचा माणूस हिशेब सांगतो आहे की चाचपडतो आहे, हे त्यांना गादीवर बसल्या बसल्या कळते.