आई-बाप : कारण की इलाज? मॉड्स्लीच्या संशोधकांविषयी

किशोरवयातल्या खाण्याच्या विकारांवर संशोधन करणारी माणसं, हा आजचा विषय. विकारापेक्षा माणसांवर आपण जरा जास्त बोलणार आहोत. ही माणसं कुठे बसून काय बघत होती आणि त्यांनी कोणता प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला, यावरच पुढचा सगळा इलाज उभा राहिला.

आधी विकार थोडक्यात. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, कधी कधी मुलगाही, जेवण कमी करत जाते. वजन उतरतं, पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके मंदावतात आणि तरी 'मला काहीही झालेलं नाही' असं ती मनापासून सांगत असते. ज्या मानसिक आजारांत सर्वांत जास्त माणसं दगावतात, त्यांत हा अगदी वरच्या रांगेत आहे. तेव्हा 'आजकालच्या मुलींची फॅशन' म्हणून हा विषय उडवून लावता येत नाही. आपल्याकडे कुणाला उपवासाची आठवण होईल. पण उपवासाला पारणं असतं, तो कधी सुटणार हे आधीच ठरलेलं असतं. इथे पारणं नाही.

आता अशी मुलगी घरात असली की संशय पहिल्यांदा कुणावर जातो? घरावरच. आणि हा संशय जुना आहे. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिलं लंडनच्या विल्यम गल यांनी. १८७३ साली त्यांनी आपली निरीक्षणं मांडली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये लासेग यांनीही असंच वर्णन प्रसिद्ध केलं. गल यांचा सल्ला असा, की रुग्णाला ठरावीक वेळाने खायला घाला, तिच्यावर वचक असेल अशी माणसं भोवती ठेवा, आणि या कामाला नातेवाईक व स्नेही हे सहसा सगळ्यात वाईट. पुढे पॅरिसच्या शार्को यांनी तर मुलीला आई-वडिलांपासून वेगळं काढणं हाच उपचाराचा गाभा मानला.

विसाव्या शतकात भाषा बदलली, बोट तिकडेच राहिलं. हिल्डा ब्रुख या जर्मनीतून १९३३ साली बाहेर पडलेल्या ज्यू डॉक्टर. पुढे अमेरिकेत त्यांनी या मुलींचं फार बारकाईने ऐकलं. त्यांचं म्हणणं, आई मुलीच्या गरजा ओळखण्याऐवजी स्वतःच्या कल्पना तिच्यावर लादते, मग मुलीला 'माझं' म्हणावं असं फक्त शरीर उरतं. फिलाडेल्फियाचे साल्वादोर मिनुचिन यांनी सगळं कुटुंबच समोर बसवलं, त्यांच्याबरोबर जेवणही केलं. हे मोठं पाऊल होतं. पण 'अशा प्रकारच्या घरात असा आजार होतो' हा सूर कायम राहिला. त्यांनी ५३ रुग्णांपैकी ८६ टक्के बरे झाल्याचं सांगितलं. तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता.

तर हे सगळं मागे ठेवून आपण दक्षिण लंडनमध्ये येऊ. डेन्मार्क हिलवर मॉड्स्ली रुग्णालय आहे आणि त्याला जोडून मनोविकारशास्त्राची संस्था. तिथले प्राध्यापक जेराल्ड रसेल यांचं नाव डॉक्टरांना माहीत असतं ते बुलिमिया नर्व्होसामुळे. या विकाराचं पहिलं नेमकं वर्णन त्यांनी १९७९ साली केलं. पण आम्हाला विचाराल तर त्यांच्या वॉर्डातली खरी शोधक मंडळी म्हणजे तिथल्या सिस्टर्स. प्रबंधावर त्यांची नावं नाहीत.

या सिस्टर्स करायच्या काय? मुलीच्या शेजारी बसायच्या. ताट समोर. 'मी खाणार नाही' म्हटलं की वाद घालायचा नाही, रागवायचं नाही, गयावया करायची नाही आणि उठूनही जायचं नाही. जबरदस्तीने तोंडात कोंबायचं तर नाहीच. पुढचा घास, एवढंच. अर्धा तास लागो, दोन तास लागोत. जेवण झाल्यावरही तिला त्या अस्वस्थतेत एकटीला सोडायचं नाही. आणि पुढच्या जेवणाला हेच पुन्हा. काही आठवड्यांत वजन भरून यायचं. मोठ्या मोठ्या सिद्धान्तांना जे जमत नव्हतं ते या सबुरीने होत होतं.

मग मुलगी घरी जायची आणि पुष्कळदा पुन्हा खंगायची. इथे त्या गटाने जो प्रश्न विचारला तो ऐकायला साधा आहे. सिस्टर जे करते, ते आई-वडिलांना शिकवलं तर?

रसेल, जॉर्ज स्मुक्लर, क्रिस्टोफर डेअर आणि इव्हान आयस्लर या चौघांचा निबंध १९८७ साली आला. डेअर हे बालमनोविकारतज्ज्ञ, शिवाय मनोविश्लेषणात मुरलेले. म्हणजे आईच्या चुका शोधण्याची हत्यारं त्यांच्याकडे होतीच, त्यांनी ती खाली ठेवली. वॉर्डात वजन भरून आलेल्या ८० रुग्णांची त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली. काहींना वर्षभर कुटुंबासह उपचार, काहींना एकेकट्याने आधाराचे उपचार. सगळ्या रुग्णांत फरक दिसला नाही. पण ज्यांचा आजार लहान वयात सुरू झाला होता आणि तीन वर्षांहून जुना नव्हता, अशा २१ जणांत तो ठळक होता. कुटुंबासह उपचार घेतलेल्या १० पैकी ९ जण बरे किंवा बऱ्याच अंशी बरे, दुसऱ्या बाजूला ११ पैकी २. पाच वर्षांनीही त्यांचा फायदा टिकलेला दिसला. आकडे लहान आहेत, हे खरं. २१ माणसांवर कुणी जग जिंकत नाही. पण ज्यांना शंभर वर्षं 'सगळ्यात वाईट' म्हटलं, त्यांच्या हाती मूल सोपवून बघण्याची हिंमत इथे झाली होती, आणि मूल बुडालं नव्हतं.

आता विचाराचा मुद्दा. आजार कशाने झाला आणि तो कशाने बरा होईल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण रोजच्या बोलण्यात ते एक करून टाकतो. घराने आजार बरा केला म्हणजे घराने तो केला होता असं ठरत नाही. उलट, घर निर्दोष ठरवल्याशिवाय घराला कामाला लावता येणार नाही असंही नाही. या लोकांनी 'का झालं' याचा निकालच लावला नाही. तो लागेपर्यंत मुलगी थांबणार नव्हती. २०१० साली या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, कुटुंब हेच मूळ कारण मानणारी कुठलीही उपपत्ती आम्हाला मान्य नाही, असं जाहीर निवेदन काढलं. आणि २०१९ साली सुमारे १७ हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास आला. त्यात धागे मनाबरोबर शरीराच्या चयापचयाकडेही गेलेले दिसतात.

पण आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे गप्प बसवत नाही. ती मुलगी 'नको' म्हणते आहे, त्याचं काय? तिचं शरीर, तिचा नकार. इथे मिनेसोटाचा प्रयोग आठवावा. १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, तेही स्वेच्छेने आलेल्या, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेली ही तरुण मंडळी. त्यांना कुठलाही मानसिक आजार नव्हता. वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं तेव्हा ती चिडचिडी, उदास, एकलकोंडी झाली. ताटातल्या अन्नाशी तासन् तास खेळत बसू लागली, पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागली. म्हणजे जे आपण मुलीचा 'स्वभाव' समजतो, त्यातला मोठा भाग उपासमारीच बोलत असते. भूक आधी भागवावी लागते, मग कोण काय म्हणतं आहे ते ऐकू येतं.

एवढ्याने प्रश्न सुटत नाही, हेही सांगायला हवं. इंग्लंडमध्ये जसिंता टॅन यांनी अशा १० मुलींच्या मुलाखती घेतल्या. आजाराची माहिती, धोके, तर्क, सगळं त्यांना व्यवस्थित समजत होतं. बदललं होतं ते मोल. बारीक असण्यापुढे मरणही कमी वाटत होतं. बुद्धी शाबूत आणि तराजूच बिघडलेला, अशा माणसाचा निर्णय त्याचा म्हणायचा का? नेहमीच्या कायद्याच्या कसोट्या इथे अपुऱ्या पडतात. गंमत म्हणजे त्या चौघांपैकी स्मुक्लर यांनी पुढे आयुष्याचा मोठा काळ मनोरुग्णांवरच्या सक्तीला मर्यादा घालण्याच्या विचारात घालवला. हा विरोधाभास आम्हाला वाटत नाही. सक्ती जवळून पाहिलेला माणूसच तिच्याबद्दल इतका सावध होतो.

ही पद्धत अटलांटिकपार नेली डॅनियल ल ग्रांज यांनी. ते मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, डॉक्टरेट लंडनची. स्टॅनफर्डचे जेम्स लॉक यांच्या जोडीने त्यांनी २००१ साली उपचाराची हस्तपुस्तिका काढली, तिच्या लेखकांत डेअरही होते. क्रम असा की आधी जेवणाची सूत्रं पूर्णपणे आई-वडिलांकडे, वजन सावरलं की ती हळूहळू मुलीकडे परत, आणि मग वयात येण्याचे नेहमीचे प्रश्न. दुसऱ्या भेटीला घरचा डबा घेऊन यायचं आणि उपचारकासमोर जेवायचं. आजार मुलीपासून वेगळा धरायचा, म्हणजे रागवायचं ते आजारावर. बोलायला सोपं. दिवसातून पाच-सहा वेळा, महिनोन् महिने करणाऱ्या आईला विचारावं.

२०१० साली स्टॅनफर्ड आणि शिकागो इथल्या १२१ मुलांची चाचणी प्रसिद्ध झाली. उपचारानंतर एक वर्षाने कुटुंबाच्या उपचारातले ४९ टक्के पूर्ण बरे होते, एकेकट्याच्या उपचारातले २३. हे दुप्पट आहे आणि तरीही निम्म्याहून कमी आहे. दोन्ही गोष्टी एका दमात लक्षात ठेवाव्यात.

शिवाय प्रत्येक घराला एकच साचा बसत नाही. २००० साली मॉड्स्लीच्याच गटाने ४० कुटुंबांत पाहिलं, की जिथे आई मुलीला सारखी टोचून बोलते तिथे सगळ्यांना एकत्र बसवण्यापेक्षा आई-वडिलांना वेगळं भेटणं अधिक उपयोगी पडतं. आता लगेच 'बघा, आईच' असं म्हणायचा मोह होईल. पण पोटचं पोर डोळ्यांदेखत वाळताना बघणारी, आणि सगळ्यांकडून दोष ऐकणारी बाई गोड कुठून बोलणार? टोचणं हे कारण की परिणाम, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

आयस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पुढे जे केलं ते आम्हाला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. त्यांनी अनेक कुटुंबं एकत्र आणली. दिवसभर सगळ्यांनी बरोबर राहायचं, बरोबर जेवायचं. २०१६ साली त्यांनी १६९ किशोरवयीनांचे निष्कर्ष मांडले. एकेका कुटुंबाच्या उपचारात वर्षाअखेर ५८ टक्क्यांची स्थिती चांगली किंवा मध्यम होती, अनेक कुटुंबांच्या उपचाराची जोड दिली तेव्हा ७६. अशा जेवणात कधी कधी मुलांची अदलाबदल करतात. म्हणजे या घरची मुलगी त्या घरच्या आई-वडिलांच्या शेजारी जेवायला बसते. स्वतःच्या मुलीपुढे आवाज चढणारी आई दुसरीच्या मुलीजवळ शांत बसू शकते, तिच्या पुढच्या घासाची वाट बघू शकते. आणि पलीकडच्या टेबलावर दुसरी कुणी आई तिच्या मुलीसाठी तेच करत असते.